फॉल्टचं वय काढताय? मग या चुका टाळा

मुंबईत भूविज्ञान शिकणारी मंडळी फॉल्टचं, म्हणजे खडक मोडून सरकला त्या भेगेचं, वय काढायला निघाली की पहिला हात ताज्या, काळ्याभोर बेसाल्टवर जातो. पण त्यातून मिळतं ते लाव्हा थंड झाल्याचं वय. दगड मोडला कधी, याबद्दल तो आकडा चकार शब्द काढत नाही; मोडतोड त्यानंतरची, एवढंच कळतं. अंधेरीच्या गिल्बर्ट हिलचे खांब बघूनही फसू नका. लाव्हा थंड होताना आकसला, म्हणून ते तडकलेत. भूकवचाच्या ताणाशी त्यांचा संबंध नाही.

पनवेल फ्लेक्शर या वाकलेल्या पट्ट्यात लाव्हाचे थर पश्चिमेकडे कललेत. थर कललेला आणि त्याला कापणारा डाइक (फटीत घुसून थिजलेल्या लाव्हाची भिंत) कलण्यानंतरचा, असं धरून मोकळं होऊ नये. डाइकही थरांसोबत कललाय का, ते कंपास लावून आधी मोजा. कललेला असेल तर तोही हालचालीआधीचाच.

खरा घोळ होतो गाउजमध्ये, म्हणजे फॉल्टच्या दोन भिंतींत दळल्या गेलेल्या चिकट मातीत. शेलसारख्या (चिखलापासून बनलेल्या) खडकात तिच्यात दोन पिढ्यांचे कण असतात: मूळ खडकातला जुना अभ्रक आणि हालचालीच्या वेळी वाढलेलं नवं इलाइट हे चिकणमातीचं खनिज. दोन्हींचं वय त्यांतल्या पोटॅशियमपासून बनलेल्या आरगॉनवरून काढतात. कण बारीक होत जातील तसं वय कमी येत असेल, तर मिश्रण आहे हे ओळखा. अशा वेळी सरासरी काढणं म्हणजे शुद्ध फसवणूक. प्रत्येक आकाराच्या कणांत जुन्या अभ्रकाचा वाटा एक्स-रे विवर्तनाने मोजायचा, आलेख काढायचा आणि वाटा शून्य होईल तिथलं वय वाचायचं. नमुना खलबत्त्यात कुटू नका, जाड अभ्रक फुटून बारीक कणांत घुसतो. भिजवून पुन्हा पुन्हा गोठवा आणि वितळवा.

आपल्या बेसाल्टला मात्र ही कृती जशीच्या तशी चालत नाही. इथे बहुतेक स्मेक्टाइट हे चिकणमातीचं दुसरं खनिज सापडतं आणि त्यात वय काढायला लागणारं पोटॅशियम जेमतेम. सेलाडोनाइट या हिरवट खनिजात ते भरपूर असतं, पण ते फॉल्टच्या कितीतरी आधी लाव्हाच्या पोकळ्यांत तयार झालेलं असू शकतं. शिवाय कोकणातल्या पावसाचं पाणी मुरूनही चिकणमाती बनते, त्यामुळे रस्त्याच्या कटिंगमधली वरची लालसर माती घेऊ नका.

पवईच्या आयआयटीत आरगॉन-आरगॉन पद्धतीने वय काढायची सोय आहे खरी, पण माती तशीच पाठवू नये. अणुभट्टीत पोटॅशियमपासून बनणारा आरगॉन-39 सुमारे 0.1 मायक्रॉन उडी मारतो. एवढ्या बारीक कणातून तो बाहेरच पडतो आणि वय फुगतं. नमुना निर्वात क्वार्ट्झ नळीत बंद करून किरणन केलं, तर निसटलेला वायूही मोजता येतो.

फॉल्टच्या फटीतल्या कॅल्साइटवर (चुन्याच्या खनिजावर) युरेनियम-शिसे पद्धतीने वय काढणार असाल तर घसरणीच्या रेघांना समांतर वाढलेले तंतूच निवडा. फटीत नंतर साचलेला ठोकळेबाज कॅल्साइट कुठल्याही काळातला असू शकतो. लेझरचे सगळे बिंदू आलेखावर एकाच जागी गोळा झाले, तर त्यातून वय देणारी रेषा निघत नाही. तिथेच आणखी बिंदू मारण्यापेक्षा युरेनियम कमी-जास्त असलेली दुसरी शीर शोधा.