त्सुनामी संशोधनासाठी पाणीपातळीचा डेटा जपताना या चुका टाळा

समुद्र नागपूरपासून शेकडो किलोमीटर लांब असला, तरी भरतीमापकांचे, म्हणजे किनाऱ्यावर पाण्याची पातळी मोजणाऱ्या यंत्रांचे, आकडे इथेही मोफत मिळतात. हवाई विद्यापीठाचं सी लेव्हल सेंटर आणि युनेस्कोच्या समुद्रविज्ञान आयोगाचं (आयओसी) पाणीपातळी पोर्टल कोणालाही खुलं आहे. इथल्या मुलांनी यावर प्रोजेक्ट जरूर घ्यावेत. फक्त काही चुका नंतर दुरुस्तच होत नाहीत, त्या आधीच टाळायला हव्यात.

घाईने साफसफाई

सगळ्यात जास्त नुकसान यानेच होतं. एकदम वर-खाली जाणारे आकडे चुकीचे समजून फिल्टर ते उडवतो, आणि त्सुनामी नोंदीत नेमकी तशीच दिसते. तासाची सरासरीही तितकीच घातक. भरती-ओहोटीचं चक्र साधारण 12 तास 25 मिनिटांचं, तर त्सुनामीच्या लाटांचा आवर्तकाळ (एका लाटेपासून पुढच्या लाटेपर्यंतचा वेळ) काही मिनिटांपासून तासाभरापर्यंत. सरासरीत ती विरघळून जाते. म्हणून मिनिटामिनिटाची मूळ फाइल जशीच्या तशी ठेवा. शंका असलेल्या आकड्यापुढे वेगळ्या कॉलममध्ये खूण करा, आकडा पुसू नका. रिकाम्या जागी शून्य तर कधीच भरू नका, कारण शून्य ही खरी पातळी असू शकते.

वेळेचा घोळ

लाट भूकंपाच्या आधीच पोहोचलेली दिसते? फरक बरोबर साडेपाच तासांचा असेल तर यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) आणि भारतीय वेळेची गल्लत झाली आहे. फरक दिवसागणिक वाढत असेल तर यंत्राचं घड्याळ मागे-पुढे पडतंय.

जुन्या नोंदींत आणखी जपावं लागतं. 1945 चा मकरानचा (पाकिस्तान-इराणच्या किनारपट्टीचा) भूकंप यूटीसीप्रमाणे 27 नोव्हेंबरचा, आपल्या वेळेप्रमाणे 28 चा. त्यात मुंबईत 1955 पर्यंत ‘बॉम्बे टाइम’ही वापरात होता, भारतीय वेळेच्या 39 मिनिटं मागे. म्हणून जुना कागदी आलेख स्कॅन करताना समास कापू नका. कागद कधी लावला, कधी काढला, घड्याळ किती चुकत होतं, हे हाताने तिथेच लिहिलेलं असतं. समास गेला की वक्ररेषा उरते, पण तिची वेळ सांगणारं काहीच राहत नाही.

शून्य कुठलं?

आपल्या नागपूरच्या झिरो माईलपाशी 1907 चा जीटीएस बेंचमार्क, म्हणजे ब्रिटिशकालीन सर्वेक्षणाची उंची दाखवणारी खूण, आहे. समुद्रसपाटीपासूनची उंची सांगताना ती सपाटी कुठली, हे ठरलेलं असतं. पाणीपातळीच्या फाइलीत मात्र ‘2.31 मीटर’ एवढंच लिहून लोक मोकळे होतात. नौकानयनाच्या नकाशाचं शून्य आणि सरासरी समुद्रपातळी एक नव्हे. कुठलं वापरलं ते लिहाच.

नोंद एका पायरीने वर जाऊन तिथेच राहिली, तर ती ओढून सरळ करण्याचा मोह आवरा. सेन्सर हलवला असेल, पण जमीनही खचलेली असू शकते. 2004 च्या भूकंपात पोर्ट ब्लेअर साधारण मीटरभर खाली गेलं होतं. अशी पायरी सपाट केली तर भूकंपाचा पुरावाच पुसला जाईल.

पाठवण्याआधी

तारखेसाठी 2004-12-26 अशीच पद्धत ठेवा. 03/04 लिहिलं की मार्च की एप्रिल, कळत नाही. एक्सेलमधून सेव्ह केल्यावर फाइल साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडून पाहा, तारखांचं रूप बदललेलं असतं. सोबत ठिकाणाचे अक्षांश-रेखांश, सेन्सरचा प्रकार, एकक, नोंदींमधलं अंतर, डेटा वापरण्याची परवानगी आणि तुम्ही केलेला प्रत्येक बदल तारखेसह लिहा. आणि मूळ फाइलची एक प्रत वेगळ्या डिस्कवर ठेवूनच पुढचं काम सुरू करा.