जून-जुलैतही फुटबॉल सुरूच असतं

मेअखेरीस इंग्लंडची प्रीमियर लीग आणि स्पेनची ला लिगा संपली की ऑगस्टपर्यंत शनिवार-रविवार खायला उठतात. अशा वेळी ट्रान्सफरच्या (खेळाडूंच्या क्लब-बदलाच्या) अफवा चघळत बसण्यापेक्षा नकाशात जरा वर सरका. नॉर्वे आणि स्वीडनमध्ये हिवाळ्यात मैदानं गोठतात, त्यामुळे तिथल्या लीग वसंतात सुरू होऊन थेट नोव्हेंबर-डिसेंबरपर्यंत चालतात. आपण रिकामे असतो तेव्हा तिकडे ऐन हंगाम असतो. वेळही सोयीची, कारण उन्हाळ्यात नॉर्वेचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तासच मागे असतं. तिथल्या संध्याकाळी पाचची मॅच इथे साडेआठला, जेवता जेवता बघता येते.

एकच क्लब धरायचा तर नॉर्वेचा बोडो/ग्लिम्ट धरा. आर्क्टिक वृत्ताच्याही वर असलेल्या छोट्याशा गावाचा हा संघ २०२५ मध्ये इटलीच्या लाझिओला हरवून युरोपा लीग या युरोपातल्या क्लबांच्या स्पर्धेच्या उपांत्य फेरीत पोहोचला होता. त्यांचं वेगवान पासिंग एकदा बघाच!

पहाटे उठणाऱ्यांसाठी ब्राझीलची लीग आहे. तिथल्या रात्री साडेनऊचा सामना आपल्याकडे सकाळी सहाला लागतो.

आणखी एक काम करा. नियमांतले बदल साधारणपणे १ जुलैपासून लागू होतात, ते वाचून ठेवा. २०२५ पासून गोलकीपरने चेंडू आठ सेकंदांपेक्षा जास्त हातात धरला तर प्रतिस्पर्ध्याला थेट कॉर्नर (मैदानाच्या कोपऱ्यातून किक) मिळतो, आणि शेवटचे पाच सेकंद रेफ्री हात वर करून मोजून दाखवतो. पुढच्या मॅचला तो हात नक्की बघा.