बीकॉमला ॲडमिशन घेतलीय, आता काय करायचं? माझ्या अनुभवावरून सविस्तर

बारावीचा निकाल लागला की नात्यातल्या, गावाकडच्या कुणाचा ना कुणाचा फोन येतोच, "ताई, बीकॉमला घेतलंय, पुढं काय करू?" आणि दरवेळी तेच तेच सांगण्यापेक्षा म्हटलं एकदा सगळं लिहूनच ठेवावं. मी संगमनेरकडची, शाळा पूर्ण मराठी माध्यमात, मग पुण्यात सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या एका कॉलेजातून बीकॉम आणि एमकॉम केलं, आता चाकणला एका कंपनीत अकाउंट्सला आहे आणि नवीन मुलं घ्यायची असतात तेव्हा इंटरव्ह्यूला पण बसते. म्हणून दोन्ही बाजू बघितल्यात.

पहिली गोष्ट, "सायन्सला मार्क कमी पडले म्हणून कॉमर्स" हे वाक्य डोक्यातून काढून टाका. मुंबईचं सिडनहॅम कॉलेज १९१३ साली सुरू झालं, आशियातलं पहिलं कॉमर्स कॉलेज, तिथं १९१८ पासून दोनेक वर्षं बाबासाहेब आंबेडकर अर्थशास्त्र शिकवत होते. पुण्यातलं बीएमसीसी हे कॉमर्स कॉलेज १९४३ चं. ही शाखा उरलेल्यांसाठी कधीच नव्हती. फक्त एक आहे की बीकॉममध्ये वेळ भरपूर मिळतो, लेक्चर बहुतेक ठिकाणी दुपारपर्यंत संपतात, इंजिनिअरिंगसारखं कुणी दिवसभर अडकवून ठेवत नाही, आणि हाच मोकळा वेळ मुलांच्या लक्षात येत नाही. तीन वर्षांनी एकाच वर्गातली एक मुलगी सीए इंटर (सीएची दुसरी पायरी) पास असते आणि दुसरीला साधी बँकेची परीक्षा कशी असते ते पण माहीत नसतं, फरक हुशारीचा फार कमी असतो, दुपारचा जास्त असतो.

ॲडमिशनचं पटकन सांगते. साध्या बीकॉमला आपल्याकडे बहुतेक कॉलेजात बारावीच्या मार्कांवर मेरिट लागतं. बीबीए, बीएमएस, बीसीएला मात्र २०२४ पासून सीईटी सेलची वेगळी सीईटी सुरू झालीय, त्यामुळे ते करायचं असेल तर बारावीतच फॉर्म भरायला लागतो, निकालानंतर जाग येऊन उपयोग नाही. कॉलेज निवडताना बिल्डिंग बघू नका, तिथल्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या मुलांना विचारा की अकाउंट्सचे सर-मॅडम खरंच तास घेतात का आणि लायब्ररी संध्याकाळी किती वाजेपर्यंत उघडी असते. एवढं पुरे.

आता नवीन पॅटर्न. नवीन शैक्षणिक धोरणानुसार आपल्या राज्यात स्वायत्त कॉलेजात २०२३-२४ पासून आणि बाकीच्या संलग्न कॉलेजात २०२४-२५ पासून नवीन रचना आलीय. माझ्या वेळी हे नव्हतं, पण माझी चुलतबहीण आता यातूनच शिकतेय त्यामुळे तिच्याबरोबर बसून सगळं समजून घेतलं. एका वर्षानंतर सोडलं तर सर्टिफिकेट, दोन वर्षांनी डिप्लोमा, तीन वर्षांनी डिग्री आणि चौथं वर्ष केलं तर ऑनर्स. विषयांची नावं बघून मुलं घाबरतात, मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह, स्किलचे पेपर, भारतीय ज्ञान प्रणाली, ओजेटी (प्रत्यक्ष कामाच्या ठिकाणचं प्रशिक्षण), पण मुख्य भार मेजरचाच, म्हणजे मुख्य विषयाचाच असतो, बाकीचे बरेचसे दोन-दोन क्रेडिटचे (क्रेडिट म्हणजे विषयाचं वजन) असतात. ओपन इलेक्टिव्ह दुसऱ्या शाखेतला घ्यायचा असतो आणि सगळा ग्रुप जे घेतो ते आपण घ्यायचं असं करू नका, कॉम्प्युटरशी किंवा भाषेशी संबंधित काही मिळत असेल तर ते घ्या, पुढं कामाला येतं. क्रेडिट जमा होण्यासाठी एबीसी आयडी (क्रेडिटच्या ऑनलाइन खात्याचा नंबर) काढावा लागतो, डिजिलॉकरमधून निघतो, त्यात आधारवरचं नाव आणि बारावीच्या मार्कशीटवरचं नाव सारखं आहे का ते आधी बघून घ्या, आईच्या नावावरून किंवा एका स्पेलिंगवरून नंतर हेलपाटे होतात.

बरं, आता मुख्य, अकाउंट्स.

जे सायन्समधून बीकॉमला येतात त्यांनी कॉलेज सुरू व्हायच्या आधी बालभारतीचं अकरावीचं पुस्तपालन व लेखाकर्मचं पुस्तक घ्यावं, पीडीएफ फुकट मिळते, आणि जर्नल, लेजर, सहाय्यक पुस्तकं, बँक जुळवणी, घसारा (डेप्रिसिएशन), चुकांची दुरुस्ती, अंतिम खाती हे क्रमाने हाताने सोडवावं. वाचून नाही, हाताने. आणि जे बारावी कॉमर्स करून आलेत त्यांनी पण आपल्याला येतं असं समजून बसू नये, कारण बारावीत आपण बऱ्याचदा फॉरमॅट पाठ केलेला असतो, एंट्री का होते ते कुणी विचारलेलं नसतं. कॉलेजात शाखांची खाती, भाडे-खरेदी, कंपनीचे शेअर्स, एकत्रीकरण असं एकावर एक येत जातं आणि पाया कच्चा असेल तर दुसऱ्या वर्षात सगळं एकदम अंगावर येतं, मग गाइड घेऊन सोडवलेली गणितं पाठ करायची वेळ येते, आणि परीक्षेत आकडे सोडून एक ॲडजस्टमेंट जरी बदलली तरी हात थांबतो.

मला ज्याचा सगळ्यात जास्त उपयोग झाला ते सांगते. तेरीज (ट्रायल बॅलन्स) जुळली नाही की उत्तर मागं बघायचं नाही. आधी फरक काढायचा. फरकाचीच रक्कम कुठल्या व्यवहारात आहे का बघायचं, असेल तर एक बाजू पोस्ट करायची राहिलीय. मग फरकाचं निम्मं करायचं, ती रक्कम सापडली तर ती चुकीच्या बाजूला लिहिलीय. आणि फरकाला ९ ने पूर्ण भाग जात असेल तर बहुतेक आकडे उलटसुलट झालेत, म्हणजे ५,४०० च्या जागी ४,५०० लिहिलं तर फरक ९०० येतो. हे मला पहिल्या वर्षाच्या सरांनी शिकवलं आणि आज ऑफिसमध्ये कुठलं खातं जुळत नसलं की मी अजूनही याच क्रमाने बघते. आणि हो, तेरीज जुळली म्हणजे सगळं बरोबर असं पण नाही, मशीन दुरुस्तीचा खर्च मशिनरी खात्याला टाकला तरी तेरीज छान जुळते आणि नफा मात्र चुकतो. हे जिला कळलं तिला अकाउंट्स कळायला लागलं.

इंटरव्ह्यूला मी दोन साधे प्रश्न नेहमी विचारते. मार्चचं लाइटबिल एप्रिलमध्ये आलं तर एंट्री कुठल्या तारखेला आणि काय? आणि घसारा टाकला तर बँकेतून किती पैसे जातात? फर्स्ट क्लास मिळवलेली मुलं यावर अडतात. पहिल्याचं उत्तर ३१ मार्चलाच खर्च नावे (डेबिट) आणि देणे खर्च जमा (क्रेडिट), दुसऱ्याचं उत्तर एक रुपयाही जात नाही. दोन्ही गोष्टी अकरावीत झालेल्या असतात, फक्त पुस्तकातलं वर्ष आणि खरं वर्ष यांचा संबंध कुणी जोडलेला नसतो. म्हणून माझं सांगणं आहे की पहिल्या वर्षातच खरी कागदपत्रं हातात घ्या. घरच्यांचं बँक पासबुक घ्या, काकांचं दुकान असेल तर त्यांची वही घ्या, एका महिन्याचं कॅशबुक स्वतः लिहा आणि पासबुकशी जुळवा, दिलेला चेक अजून वटलाच नाही, बँकेने चार्जेस परस्पर कापले, हे सगळं तिथं दिसतं आणि मग बँक जुळवणीचं गणित आयुष्यात विसरत नाही.

कॅल्क्युलेटर १२ डिजिटचा साधा घ्या आणि त्यातली एम प्लस, एम मायनस, जीटी ही बटणं वापरायला शिका, पेपरात खूप वेळ वाचतो.

भाषेचं. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना याची सगळ्यात जास्त भीती असते, मला पण होती. पुणे विद्यापीठात बीकॉमला मराठीतून शिकायचा आणि लिहायचा पर्याय आहे आणि तो घेण्यात काहीही कमीपणा नाही, विषय कळणं महत्त्वाचं. पण पुढं सीए, सीएमए किंवा कंपनीत काम असं डोक्यात असेल तर संज्ञा इंग्रजीतल्याच वापरायची सवय लावा, डेटर्स, प्रोव्हिजन, रिझर्व्ह, वर्किंग कॅपिटल, समजून मराठीत घ्यायचं आणि लिहायचं इंग्रजीत. मी रोज ॲन्युअल रिपोर्टची दोन पानं वाचायचे, मोठ्या कंपन्यांचे रिपोर्ट त्यांच्या वेबसाइटवर फुकट असतात, सुरुवातीला अर्धं कळायचं नाही, तिसऱ्या सेमिस्टरपर्यंत बॅलन्सशीट बघून कंपनीवर कर्ज किती ते सांगता यायला लागलं.

लॉचा पेपर पाठांतराचा वाटतो पण तसा नाही. १८७२ चा करार कायदा घ्या, प्रत्येक मुद्द्याला एक केस लक्षात ठेवा, जसं अज्ञान (म्हणजे सज्ञान नसलेल्या, १८ वर्षांखालच्या) व्यक्तीचा करार मुळातच रद्द असतो यासाठी १९०३ ची मोहरी बीबी विरुद्ध धर्मोदास घोष, अशी केस लिहिली की पेपर तपासणाऱ्याला कळतं की मुलीने वाचलंय. टॅक्सचं वेगळं आहे. पुण्यातल्या अप्पा बळवंत चौकात जुनी पुस्तकं निम्म्या किमतीत मिळतात, मीपण तिथूनच घ्यायचे, अर्थशास्त्र, कॉस्टिंग, मॅनेजमेंटला चालतात, पण टॅक्सचं पुस्तक कधीही जुनं घेऊ नका. १९६१ च्या आयकर कायद्याच्या जागी २०२५ चा नवीन कायदा आलाय, तो १ एप्रिल २०२६ पासून लागू, कलमांचे नंबर बदलले, जीएसटीचे दर पण सप्टेंबर २०२५ मध्ये बदलले. दोन वर्षांपूर्वीचं पुस्तक म्हणजे चुकीचं पुस्तक.

आता दुपारचं काय करायचं. सगळ्यात आधी सीए, कारण निम्मा वर्ग त्याच विचारात असतो. फाउंडेशनला, म्हणजे सीएच्या पहिल्या पायरीला चार पेपर, प्रत्येकात ४० आणि एकूण ५० टक्के लागतात, वर्षातून तीनदा परीक्षा होते. फाउंडेशन न देता बीकॉमनंतर ५५ टक्क्यांवर थेट इंटरला पण जाता येतं, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं आणि फाउंडेशन निघत नाही म्हणून मुलं खचून जातात. नवीन स्कीममध्ये आर्टिकलशिप (सीएच्या हाताखालचं प्रशिक्षण) तीनऐवजी दोन वर्षांची झालीय. माझं मत स्पष्ट आहे, सीए करायचं तर पूर्ण मनाने करा, पण घरी आधीच बोलून ठरवा की किती प्रयत्न करायचे आणि तोपर्यंत बीकॉमचे मार्क पडू द्यायचे नाहीत. सीएच्या नादात बीकॉमला बॅक राहिलेली मुलं मी बघितलीत, दोन्हीकडून हाल होतात, आणि त्या मुलांमध्ये खूप गुणी मुलं होती म्हणून जास्त वाईट वाटतं. क्लासची फी भरायच्या आधी आयसीएआयचं (सीएची परीक्षा घेणाऱ्या संस्थेचं) स्वतःचं स्टडी मटेरियल आणि ऑनलाइन लेक्चर बघा, बरंच फुकट आहे.

सीए नको असेल तर सीएमए (कॉस्ट अकाउंटंट) आहे, सीएस (कंपनी सेक्रेटरी) आहे, बँकांच्या आयबीपीएस परीक्षा आहेत, एमपीएससी आहे, तीन वर्षांचं एलएलबी आहे. आणि एक गोष्ट आपल्याकडची मुलं पार विसरतात, जीडीसी अँड ए. सहकार खात्याची परीक्षा, पदवीधराला देता येते, आणि पास झाल्यावर अनुभव घेऊन सहकारी संस्थांच्या ऑडिटरच्या पॅनलवर जाता येतं. आपल्या नगर, सांगली, कोल्हापूर भागात पतसंस्था, दूधसंस्था, सोसायट्या किती आहेत बघा, पुण्या-मुंबईत हाउसिंग सोसायट्या आहेत, सगळ्यांना दरवर्षी ऑडिट करावंच लागतं. गावात राहून सन्मानाने करायचं काम आहे हे.

काहीच ठरलं नसेल तरी दुसऱ्या वर्षापासून एखाद्या सीए किंवा टॅक्स कन्सल्टंटच्या ऑफिसात अर्धा दिवस जा. पैसे थोडे मिळतील, सुरुवातीला फाइली लावायला सांगतील, लावा. महिन्याचा ताल कळतो, ७ तारखेपर्यंत टीडीएस (आधीच कापलेला कर) भरायचा, ११ ला जीएसटीआर-१ (विक्रीचं जीएसटी रिटर्न), १४ ला २बी (आपल्या खरेदीवर मिळणाऱ्या जीएसटी क्रेडिटचं स्टेटमेंट) तयार होतं आणि २० च्या आत ३बी (महिन्याचा जीएसटी भरायचं रिटर्न). २बी आणि आपलं खरेदी रजिस्टर जुळवायचं काम एक्सेलवर होतं आणि इथंच व्हीलूकअप आणि पिव्होट ज्याला येतं तो टिकतो. टॅली शिकायला सर्टिफिकेट लागतंच असं नाही, एंट्री कळत असेल तर टॅली काही आठवड्यांत येतं, एंट्री कळत नसेल तर सर्टिफिकेट घेऊनही येत नाही.

पैशाचं टेन्शन असेल तर दोन गोष्टी करा. पुणे विद्यापीठाची कमवा आणि शिका योजना कॉलेजात आहे का विचारा, आणि महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर स्कॉलरशिपचा फॉर्म भरा, त्यासाठी उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला लागू असेल तर, आणि अधिवास प्रमाणपत्र मे महिन्यातच काढून ठेवा, जूनमध्ये सेतू केंद्रात उभं राहायला जागा नसते. बँक खातं आधारशी लिंक पाहिजे, नाहीतर मंजूर झालेली रक्कम अडकते.

चौथ्या वर्षाबद्दल खूप जण विचारतात. चार वर्षांच्या ऑनर्सनंतर एमकॉम एका वर्षाचं होतं, म्हणजे एकूण वर्षं तीच. प्राध्यापक व्हायचंय, नेट-सेट द्यायचीय, रिसर्च करायचाय किंवा बाहेर शिकायला जायचंय तर चौथं वर्ष करा. बँकेची परीक्षा, सीए किंवा नोकरी ठरली असेल तर तीन वर्षांची डिग्री पुरते, एमकॉम हवं तर पुढं बाहेरून पण करता येतं.