पेरणीच्या आधी हर की दून: गाइडसोबतच्या ट्रेकचं प्लॅनिंग

राजेहो, दर उन्हाळ्यात गावातले दोन-चार पोट्टे विचारतेत की हिमालयात ट्रेकला जायचं तर सुरुवात कुठून करायची, म्हणून एकदाचं लिहूनच टाकतो. हर की दूनचंच सांगतो, कारण मी तेच पाहिलं आहे. हे उत्तराखंडच्या उत्तरकाशी जिल्ह्यातलं डोंगरातलं खोरं आहे, गोविंद राष्ट्रीय उद्यानात. उंची ३,५६६ मीटर, म्हणजे आपल्या चिखलदऱ्याच्या तिप्पट.

पहिले तारीख. तिथं एप्रिल ते जून चांगलं, नाहीतर पावसाळा सरल्यावर नोव्हेंबरपर्यंत. भर पावसात दरडी येतेत, नकोच. पण ऑक्टोबरात सोयाबीन काढायचं, मंग कापूस वेचायचा, घरचे कोणी सोडत नाही, म्हणून मे महिना धरा, पेरणीला वेळ असतो आणि इथलं ४५ डिग्रीही चुकते. रेल्वेचं बुकिंग ६० दिवस आधी उघडते. नागपूरहून दिल्ली, तिथून डेहराडून, आणि मंग सकाळी लवकर निघून सांकरी, म्हणजे ट्रेकचं बेस गाव, त्यात पूर्ण दिवस जाते. पैसे वाटेतल्या पुरोल्यालाच काढून ठेवा, सांकरीत एटीएमच्या भरोशावर राहू नका.

आता गाइड. लोकं फक्त रेट विचारतेत, मी म्हणतो आधी हे विचारा की कोणत्या रात्री किती उंचीवर झोपायचं. सांकरीच्या पुढं 'तालुका' नावाचंच गाव आहे, तिथून सुपिन नदीच्या कडेकडेनं ओसला, ते साधारण अडीच हजार मीटरवर. ओसलाहून एकाच दिवसात हर की दूनला चढून वरच मुक्काम म्हणजे झोपायची उंची एकदम हजार मीटरनं वाढली, आणि ३,००० च्या वर तर रोज ५०० पेक्षा जास्त वाढवू नये असं सांगतेत. म्हणून ओसलाच्या वर मधात एक मुक्काम पाहिजेच, नाहीतर वर जाऊन त्याच दिवशी खाली झोपायला यायचं.

आमच्या पहिल्या वेळी एका स्वस्तातल्या पार्टीनं हा मधातला दिवसच खाल्ला. माझा दोस्त दुपारपासून जेवत नव्हता, विचारलं तर म्हणे "काही नाही बे, रात्री झोप नाही झाली म्हणून डोकं दुखते." रात्री तंबूबाहेर वांत्या सुरू. गाइड ओसलाचाच पोरगा होता, त्यानं बॅटरी लावून तोंड पाहिलं, एक शब्द न बोलता याचे बूट आणून समोर ठेवले आणि अंधारातच खाली घेऊन निघाला. दोन-तीन तास उतरल्यावर हा बिस्कीट मागत होता! डोकेदुखी, मळमळ, भूक नाही, यातलं काहीही झालं तर लपवायचं नाही, वाढत असंल तर खाली उतरणं हाच इलाज. डायमॉक्स, म्हणजे उंचीच्या त्रासावरची गोळी, डॉक्टरला विचारूनच, सल्फाची ॲलर्जी असंल तर ते आधी सांगा. बाकी गाइडला ऑक्सिजन सिलेंडर, ऑक्सिमीटर, एका गाइडमागं किती लोकं आणि पार्कचं परमिट रेटमधात आहे का, हे फोनवरच विचारून घ्या. आधारच्या दोन झेरॉक्स ठेवा.

तयारी दोन महिने आधीपासून. आपल्या इकडं चढ नाही ही मोठी पंचाईत, म्हणून मी पहाटे पाच वाजता शाळेच्या जिन्यावर पाठीवर आठ किलो तूर घेऊन चढउतार करायचो, हेडमास्तर रोज हसायचे. शेतात राबणाऱ्याले वाटते आपल्याला काय होते, पण उतारावर गुडघे बोलतेत. एक-दोनदा चिखलदऱ्याला जाऊन गाविलगडावर दिवसभर चाला, नवे बूटही त्यातच पायाला बसतेत. कोरे बूट घालून गेले की पायाच्या नखाची आशा सोडायची.

कपड्याचं गंमतशीर आहे, आपण कापूस पिकवणारे लोकं, पण तिथं कापूस अंगात नको. घामानं ओला झाला की वाळत नाही आणि गार पडते. आत ड्रायफिट, त्यावर फ्लीस (लोकरीसारखं उबदार), वरून जाड जॅकेट आणि रेनकोट. मेमधेही रात्री हात बधिर होतेत. डोक्याला लावायची बॅटरी, गॉगल, टोपी, आणि गूळ-शेंगदाणे भरपूर. जेवणात वरण-भात-पोळी असते पण तिखट आपल्यासारखं नाही, ठेच्याची छोटी डबी न्याच. प्लास्टिक जेवढं नेलं तेवढं परत आणा.

परतीच्या तिकिटाआधी एक दिवस मोकळा ठेवा, रस्ता बंद झाला तर कामी येते. आणि घरी आधीच सांगून ठेवा की तीन-चार दिवस फोन लागणार नाही. मी सांगायचं विसरलो, तर तिसऱ्या दिवशी माय पोलीस पाटलाच्या घरी जाऊन बसली होती.