हिमालयातील रानलसूण न उपटता कशी ओळखावी?

नेपाळ, सिक्कीम, भूतान आणि पुढे नैर्ऋत्य चीनपर्यंतच्या डोंगरउतारांवर, साधारणपणे २,३०० ते ४,८०० मीटर उंचीच्या पट्ट्यात, कांद्याची एक रानटी जाती वाढते. तिचे शास्त्रीय नाव ॲलियम वॉलिची असून नेपाळीत तिला ‘वन लसुन’ म्हणतात. कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानाचे प्रमुख नॅथॅनिएल वॉलिच यांच्या सन्मानार्थ कुंथ या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने १८४३ मध्ये हे नाव दिले. कांद्याची जात ठरवायची तर कंद उकरावाच लागतो, असा अनेकांचा समज असतो. या वनस्पतीचा कंद मात्र बारीक व नळकांड्यासारखा असतो आणि अन्नसाठ्याचे काम बऱ्याच अंशी तिची जाड, मांसल मुळेच करतात. त्यामुळे एक झाड उपटून आपल्या हाती फारसे काही लागत नाही, झाडाचे मात्र सर्वस्व जाते. ओळख पटवणारी बहुतेक सगळी लक्षणे जमिनीच्या वर आहेत.

प्रथम काळ आणि जागा पाहावी. ही जाती जुलै ते सप्टेंबर या महिन्यांत फुलते आणि ओलसर गवताळ उतारांवर, झुडपांच्या कडेला किंवा ओढ्याकाठी आढळते. पावसाळा संपल्यावर, ऑक्टोबरमध्ये नेपाळला पदभ्रमणासाठी जाणाऱ्यांना फुलांऐवजी बहुधा फळेच दिसतील.

त्यानंतर वास घ्यावा. पान न तोडता त्याची कड दोन बोटांत हलकेच चुरडली की कांदा-लसणाचा ओळखीचा दर्प येतो. अखंड पानाला तो जवळजवळ येत नाही, कारण गंधकयुक्त संयुगे आणि त्यांचे विघटन करणारे विकर (एन्झाइम) पेशीत वेगवेगळ्या कप्प्यांत असतात व पेशी फुटल्यावरच एकत्र येतात. आधी दुसरे झाड हाताळले असेल तर बोटे पुसून घ्यावीत, नाहीतर पहिल्याच झाडाचा वास पुढच्यालाही येईल. पान सपाट, अर्धा ते दोन सेंटिमीटर रुंद असते आणि त्याची मध्यशीर स्पष्ट दिसते. आपल्या शेतातल्या कांद्याच्या पातीसारखे ते पोकळ नसते.

आता फुलोऱ्याचा दांडा पाहावा, कारण माझ्या मते या जातीचे सर्वांत भरवशाचे लक्षण तेच आहे. दांडा तीस सेंटिमीटरपासून मीटरभरापेक्षा थोडा अधिक उंच असू शकतो. तो जागच्या जागी अंगठा आणि तर्जनी यांच्यात धरून हलकेच चाचपला, तर गोल न लागता तिधारी लागतो आणि त्या धारांवर अरुंद पंखासारख्या कडा जाणवतात. फुले कोमेजल्यावरही ही खूण टिकते, म्हणून फळांच्या हंगामातही ती उपयोगी पडते.

दांड्याच्या टोकाला सर्व फुलांचे देठ एकाच बिंदूतून निघून सैलसर अर्धगोल बनवतात. प्रत्येक फुलात तीन-तीनच्या दोन वर्तुळांत सहा परिदले, म्हणजे पाकळ्यांसारखी दले, असतात. ती पाच ते नऊ मिलिमीटर लांब, फिकट तांबूस ते गडद जांभळी आणि चांदणीसारखी पसरलेली असतात व बहर ओसरला की मागे वळून कडक होतात. भिंगातून पुंकेसर अवश्य पाहावेत. येथे ते परिदलांपेक्षा किंचित आखूड असतात, तर लडाख-स्पितीसारख्या कोरड्या प्रदेशातील ॲलियम कॅरोलिनियानम या जातीत ते फुलाबाहेर डोकावतात आणि तिचा फुलोराही दाट, गोल असतो. पूर्व हिमालयातील ॲलियम मॅक्रॅन्थम हीसुद्धा जांभळी, पण तिची फुले घंटेसारखी लोंबतात. प्रिम्युला या फुलझाडाच्या काही जातींचे जांभळे गेंद दुरून फसवतात. जवळ गेल्यावर पाच पाकळ्यांची जोडलेली नळी दिसते आणि कांद्याचा वास येत नाही.

सह्याद्रीत फिरणाऱ्यांनी एक खबरदारी घ्यावी. आपल्याकडे रानकांदा म्हणून ओळखला जाणारा कोळकांदा ॲलियम, म्हणजे कांदा-लसणाच्या प्रजातीतला, नव्हे. त्याची फुले छत्रीसारखी एका बिंदूतून न निघता उंच दांड्यावर खालून वर क्रमाने लागतात, त्याला कांद्याचा दर्प नसतो आणि त्याच्या कंदात हृदयावर परिणाम करणारी विषारी द्रव्ये असतात. म्हणून केवळ कंदाच्या आकारावरून कोणताही रानटी कांदा तोंडात घालू नये.

नोंदीसाठी किमान चार छायाचित्रे घ्यावीत: संपूर्ण झाड परिसरासह, पानाचा तळ, दांड्याच्या धारा दिसतील असा जवळून भाग आणि फुलाचे बाजूने टिपलेले चित्र. बहुतेक जण फक्त फुलोरा वरून टिपतात आणि नेमकी धार व पुंकेसरांची लांबी निसटते. मोजपट्टी शेजारी धरावी आणि तारीख, उंची, उताराची दिशा, ओलावा हे जागेवरच लिहावे. राष्ट्रीय उद्यानात पान चुरडणेही टाळून केवळ छायाचित्रांवर भागवावे. दांड्याची धार किंवा पुंकेसर पाहता आले नसतील, तर नोंदीत जातीचे नाव न घालता ‘ॲलियम, जाती अनिश्चित’ एवढेच लिहावे, म्हणजे पुढे कोणा जाणकाराला ती छायाचित्रांवरून पूर्ण करता येईल.