गिटारची खरखर आणि सात आठवड्यांचं ‘काले आवजो’

लक्षण: अकूस्टिक गिटार. पाचवी-सहावी (सगळ्यात जाड) तार पहिल्या तीन-चार फ्रेटवर (मानेवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्या) खरखरते, पुढच्या फ्रेटवर स्वच्छ वाजते. बडोद्यात थंडी पडली आणि सुरू झालं.

सॅडलखाली (तारा खाली जिच्यावर टेकतात ती पट्टी) कागद घातला. तारा उंचावल्या, बोटं सोलली. मग दांडिया बाजारातल्या एका कारागिराला ५०० रुपये आगाऊ देऊन आलो. सात आठवडे ‘काले आवजो’ (उद्या या), आणि परत मिळाली तेव्हा फक्त तारा बदललेल्या.

शेवटी हे चाललं. गिटार सुरात लावा. पहिल्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा), सहावी तार चौदाव्यावर दाबून धरा, तार आणि सातव्या फ्रेटमधली फट बघा. फट ०.२ ते ०.२५ मिमी हवी, माझी शून्य. कोरड्या हवेत लाकूड आकसतं, मान मागे झुकू शकते. फट मोजायच्या पातळ पत्र्या, म्हणजे फीलर गेज, मोटर स्पेअरच्या दुकानात मिळतं. तारा सैल करा. मानेच्या आतल्या लोखंडी सळईच्या, म्हणजे ट्रस रॉडच्या, नटात नेमकी बसणारी अ‍ॅलन की घाला, घड्याळाच्या उलट पाव फेरा. जास्त नाही! नट अडला तर जोर लावू नका. परत सुरात लावा, रात्रभर ठेवा, मग मोजा. मला दोन पाव फेरे लागले.

सहावी तार मोकळी वाजवताना मात्र अजून झणझणत होती, म्हणजे मानेच्या टोकाला तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीची (हिलाही नटच म्हणतात) खाच झिजलेली. ते काम दुसऱ्याकडे दिलं, पण चिठ्ठीवर लिहून: काम काय, रक्कम, तारीख, आतल्या लेबलवरचा सीरियल नंबर, खाली त्याची सही. आगाऊ काही नाही. चौथ्या दिवशी त्याचाच फोन आला.