जपानच्या देवळांत फुलं बघायचीत? मग जूनमध्येच जा

आपल्या रत्नागिरी-सिंधुदुर्गातनं जपानला निघालेल्या प्रत्येकाला चेरीच बघायची असते, पण टोकियोकडे ती मार्चअखेरीस फुलते नि पूर्ण बहर जेमतेम आठवडाभर, तारीख हुकली की संपलं. त्यापेक्षा जूनमधला हायड्रेंजिया, म्हणजे गेंदासारख्या फुलांचं झुडूप, बघा. तेव्हा तिकडे पावसाळा असतो, पण कोकणातल्या माणसाला पावसाची काय भीती घालायची!

टोकियोहून ट्रेनने तासाभरात किता-कामाकुरा स्टेशन, तिथनं दहा मिनिटं चालत मेइगेत्सुइन हे बौद्ध मंदिर. सकाळी उघडायच्या वेळेलाच पोचा, नंतर जत्रेसारखी गर्दी. दगडी पायऱ्यांच्या दोन्ही अंगाला नुसते निळे गेंद, पाकळीवर थेंब अडकलेले. माती आम्लधर्मी असली की फूल निळं होतं, म्हणजे आपल्या जांभ्याच्या मातीतही निळंच यायला हवं, कुंडीत लावून बघा कोणीतरी.

मग पुढच्या कामाकुरा स्टेशनवर येऊन एनोदेन नावाच्या छोट्या ट्रेनने हासे, तिथलं हासेदेरा, हेही बौद्ध मंदिर. टेकडीवरची फुलांची वाट चढलात की वरनं समुद्र दिसतो. सीझनमध्ये त्या वाटेचं तिकीट वेगळं काढावं लागतं, रांग धरा.

आणि एक, बौद्ध मंदिरात टाळ्या वाजवू नका, नुसते हात जोडा. टाळ्या शिंतो, म्हणजे जपानच्या मूळ धर्माच्या देवळात, दोनदा वाकून दोन टाळ्या नि परत एकदा वाकायचं. ट्रायपॉड घरीच ठेवा, बऱ्याच ठिकाणी चालत नाही. सुटे येन खिशात असूदेत, आणि चपला पटकन काढता येणाऱ्या, पण ओल्या दगडावर न घसरणाऱ्या घ्या.